जुलैचा महोत्सव आणि नोव्हेंबरातले गाणे: छोट्या शहरात लोकसंगीत नेमके कशावर टिकते?

मंद्रसप्तक (धागालेखिका)

कामानिमित्त मी आयर्लंडमध्ये चार वर्षे राहिले. त्या काळात क्लेअर परगण्यातील मिलटाउन मलबे या गावी दोनदा जुलैमध्ये जाणे झाले आणि एकदा नोव्हेंबरमध्ये. हा धागा त्या नोव्हेंबरातल्या भेटीमुळे काढते आहे.

लोकसंगीताच्या नादी लागलेल्या माणसाने जुलैमधल्या मिलटाउन मलबेचे वर्णन कोठे ना कोठे ऐकलेले असते. इलन पाइप्स हे कोपराखालच्या भात्याने हवा भरून वाजवायचे वाद्य. त्याचा नामांकित वादक विली क्लॅन्सी याच परिसरातला. तो १९७३च्या जानेवारीत गेला आणि त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात त्याच्या नावाने येथे संगीताची शाळा भरली. पन्नास वर्षे उलटली तरी ती भरतेच आहे. हजारेक वस्तीच्या या गावात त्या आठवड्यात सकाळी वर्ग, दुपारी व्याख्याने आणि त्यानंतर मध्यरात्र उलटेपर्यंत पबच्या कोपऱ्याकोपऱ्यात वर्तुळ करून बसलेले वादक, असा क्रम असतो. फिडलची (लोकसंगीतातल्या व्हायोलिनची) पेटी डोक्यावर धरून गर्दीतून वाट काढणारी माणसे मी पहिल्यांदा तेथेच पाहिली.

नोव्हेंबरात त्याच रस्त्यावर पाऊस आणि अंधार यांखेरीज काही नव्हते. एका पबच्या मागच्या खोलीत अकरा माणसे होती, त्यांतील सात वाजवत होती आणि माझ्याकडे बहुतेकांची पाठ होती. बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा टिनची बासरी घेऊन वर्तुळात बसला होता. त्याला बहुतेक धुनांचा पहिलाच भाग येत होता. तेवढा तो मोठ्यांबरोबर वाजवायचा, दुसरा भाग सुरू झाला की बासरी ओठांवरून खाली घ्यायचा आणि समोरच्या बाईंच्या बोटांकडे टक लावून पाहायचा. तेथे धून एकदा वाजवून सोडून देत नाहीत, सलग तीनदा वाजवतात. आठ मात्राखंडांचा एक भाग, तो दोनदा, मग तसाच दुसरा भाग दोनदा, असे बत्तीस मात्राखंडांचे एक आवर्तन. द्रुत चालीची रील (नाचाच्या धुनेचा एक प्रकार) असेल तर एका आवर्तनाला पाऊण मिनिटही लागत नाही. म्हणजे दोन मिनिटांच्या आत दुसरा भाग त्या मुलाच्या कानांवरून सहा वेळा गेला. तिसऱ्या फेरीत त्याने बासरी परत ओठांना लावली आणि निम्मे सूर बरोबर पकडले. कोणी त्याचे कौतुक केले नाही. बाईंनी फक्त पुढच्या धुनेची चाल थोडी हळू धरली.

मला विचारायचे आहे ते असे. अनेक छोट्या शहरांना आपल्याकडे लोकसंगीताचे काही जिवंत असावे असे मनापासून वाटते, आणि तसे वाटले की ती जुलैची नक्कल करतात: मैदान, मंच, तीन दिवसांचा कार्यक्रम, बाहेरून आलेले पाहुणे. पुढे होते असे की आधी आपसांत जमून वाजवणारी स्थानिक मंडळी मंचावरच्या निमंत्रणाची वाट पाहत बसतात आणि उरलेले वर्ष शांत जाते. नोव्हेंबरातली ती मागची खोली घडवता येते का? की ती केवळ नशिबाने मिळते?

ध्वनिवेडा

ध्वनियोजना हा माझा व्यवसाय आहे, तेव्हा मंचाविरुद्ध बोलणे म्हणजे स्वतःच्याच पोटावर पाय आणणे होय, तरीही बोलतो.

एका आयोजकाने मला ऐंशी श्रोत्यांच्या सभागृहात सहा लोकवादकांसाठी बोलावले होते. ही मंडळी एरवी गुडघ्याला गुडघा लावून बसणारी. आयोजकांना मात्र सगळ्यांचे चेहरे दिसायला हवे होते, म्हणून त्यांना आठ मीटरच्या ओळीत मांडले. ध्वनीला एक मीटर कापायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. म्हणजे एका टोकाच्या वादकाचा आघात दुसऱ्या टोकाला सुमारे तेवीस-चोवीस मिलिसेकंदांनी पोहोचणार, आणि पंचवीसच्या आसपास गेले की माणसांना एकमेकांची लय सांभाळणे जड जाऊ लागते. मग प्रत्येकापुढे माइक आला, माइक आला म्हणून स्वतःचे वाजवणे ऐकायला प्रत्येकाच्या पायाशी मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) आला, मॉनिटर आला म्हणून माइकने शिट्टी मारायला सुरुवात केली, आणि शिट्टी थांबवायला मी जे जे सूरपट्टे कापले त्यांत फिडलचा गोडवा गेला. सगळा कार्यक्रम मी एका चुकीतून निघालेली दुसरी चूक निस्तरण्यात घालवला. त्यांना वर्तुळात बसू दिले असते आणि खुर्च्या भोवती मांडल्या असत्या, तर मला बोलावण्याचीच गरज नव्हती.

सभागृह घुमते ही तक्रार खरी असते, पण तिचा उपाय स्पीकर हा नव्हे. वीस मीटर लांब, दहा रुंद, पाच उंच अशी खोली घ्या. आकारमान एक हजार घनमीटर. गुळगुळीत भिंती आणि फरशी यांचे मिळून ध्वनिशोषण साठ चौरस मीटरइतके धरले, तर सबिन यांच्या सूत्राने (०.१६१ गुणिले आकारमान, भागिले शोषण) रिकाम्या खोलीत आवाज विरायला २.७ सेकंद लागतात. द्रुत धून त्यात चिखल होऊन जाते. शंभर माणसे येऊन बसली की माणशी साधारण ०.४५ धरून शोषण एकशे पाचवर जाते आणि वेळ दीड सेकंदावर येतो. मागच्या भिंतीला चाळीस चौरस मीटर जाड, चुणीदार पडदे लावले की १.३च्या आसपास. एवढ्यात काम होते. पडद्यांना वीज लागत नाही आणि ते शिट्टीही मारत नाहीत.

उत्तररात्र

मंद्रसप्तक यांचे वर्णन सुंदर आहे, पण त्यातून पबमधले सेशन, म्हणजे हे वर्तुळ करून एकत्र वाजवणे, ही अनादि काळापासून चालत आलेली गोष्ट असा समज होऊ नये. आयर्लंडमधील ग्रामीण संगीत मुख्यतः घरांत आणि चौरस्त्यांवर, नाचासाठी वाजत असे. १९३५च्या सार्वजनिक नृत्यगृह कायद्याने सार्वजनिक नाचाला न्यायालयाचा परवाना सक्तीचा केला; कायद्याचा रोख सार्वजनिक जागांवर असला तरी पाद्री आणि पोलीस यांनी घरगुती नाचांवरही वक्रदृष्टी ठेवली आणि नाच चर्चच्या ताब्यातील सभागृहांकडे वळला. मोठ्या सभागृहाला मोठा आवाज लागतो, म्हणून तेथे वाद्यवृंद उभे राहिले. पबमध्ये वर्तुळ करून बसण्याची आजची रीत रुजली ती दुसऱ्या महायुद्धानंतर, आणि तीही बऱ्याच अंशी लंडनमध्ये, कॅम्डन टाउनसारख्या भागांत बांधकामावर राबणाऱ्या आयरिश स्थलांतरितांमध्ये. भाड्याच्या खोलीत वाजवायला जागा नव्हती, म्हणून ते पबमध्ये वाजवू लागले.

१९५१मध्ये मलिंगार येथे कोल्टस केल्टोरी एरन ही आयरिश पारंपरिक संगीताची संस्था स्थापन झाली आणि तिचा फ्ला कौल हा मेळावा त्याच वर्षी सुरू झाला. तो आजही गावोगाव फिरतो: स्लायगो, एनिस, ड्रोएडा, पुन्हा मलिंगार, वेक्सफर्ड. वर्षभराच्या स्पर्धांची अंतिम फेरी तेथे होते. पण जाणाऱ्यांपैकी फार थोडे स्पर्धेसाठी जातात.

सांगण्याचा हेतू एवढाच की ज्या मागच्या खोलीला आपण परंपरा समजतो आहोत, ती परंपरेची एक तडजोड आहे. यात मला आशाच दिसते. एका पिढीला जागा बदलून गाणे वाचवता आले, तर दुसऱ्या शहरालाही ते अशक्य नसावे.

श्रोता_मागचा_बाक

मी वाजवत नाही आणि गातही नाही. वर्तुळाची पाठ पाहत तास-दोन तास बसणे माझ्यासारख्याला कितपत रुचेल, याचा विचार या चर्चेत कोणी करणार आहे का? मंचावरच्या माणसाला निदान मी तेथे आहे याची जाणीव असते.

कायदेकानू

जागेचा विषय निघालाच आहे तर कायद्याने जागा कशी बंद होते आणि कशी उघडते याचे एक उदाहरण देतो. छोट्या शहरांच्या दृष्टीने ते फार बोलके आहे.

इंग्लंड आणि वेल्समध्ये पूर्वी एक सोपा अपवाद होता: मद्यविक्रीचा परवाना असलेल्या जागेत एक किंवा दोन कलाकार सादरीकरण करणार असतील, तर करमणुकीचा वेगळा परवाना लागत नसे. तिसरा माणूस आला की कायदा मोडला, असा हा विनोदी नियम. त्याला लोक ‘पबमध्ये दोघे’ याच नावाने ओळखत. २००३चा परवाना कायदा २००५च्या नोव्हेंबरात लागू झाला आणि हा अपवाद संपला. आता एकट्याने सारंगी वाजवायची म्हटली तरी परवान्यात तशी नोंद लागे. मोठ्या सभागृहांना याचे काही वाटले नाही, कारण त्यांच्याकडे अर्ज भरणारी माणसे होती. आठवड्यातून एकदा सहा जणांना कोपरा देणाऱ्या छोट्या पबमालकाने मात्र कागदपत्रांच्या कटकटीपेक्षा तो कोपराच बंद करणे पसंत केले.

अनेक वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २०१२चा जिवंत संगीत कायदा झाला. सकाळी ८ ते रात्री ११ या वेळेत ध्वनिवर्धक न लावता होणाऱ्या जिवंत संगीताला कोणत्याही जागी या परवान्याची आवश्यकता उरली नाही. ध्वनिवर्धक लावायचा असेल तर परवानाधारक जागेत दोनशे श्रोत्यांपर्यंत सूट मिळाली, जी २०१५मध्ये पाचशेपर्यंत वाढवली गेली. म्हणजे कायद्यालाही ध्वनिवेडा यांचाच भेद अखेर मान्य करावा लागला: माइक लावलेले संगीत आणि न लावलेले संगीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एखाद्या शहराला काहीही खर्च न करता लोकसंगीतासाठी काही करायचे असेल, तर या दोहोंना एकाच अर्जाच्या रांगेत उभे करणे थांबवावे.

चारओळी

सर्वांशी आदरपूर्वक असहमत आहे. महोत्सवाला आपण फार लवकर आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले.

एस्टोनियातील विल्यांदी हे सतरा हजारांच्या आसपास वस्तीचे शहर घ्या. तेथील संस्कृती अकादमीत पारंपरिक संगीत शिकवले जाते आणि त्या वर्तुळातून १९९३मध्ये लोकसंगीत महोत्सव सुरू झाला. जुन्या किल्ल्याच्या भग्नावशेषांत, जुलैच्या अखेरीस तो भरतो. महोत्सव वाढला, त्याला नाव मिळाले, आणि त्या नावाच्या बळावर २००८मध्ये एका जुन्या धान्यकोठाराचे रूपांतर पारंपरिक संगीत केंद्रात झाले. तेथे सभागृहे आहेत, ग्रंथालय आहे, शिकवण्या होतात, आणि हे सारे वर्षभर, म्हणजे आपल्या लाडक्या नोव्हेंबरातही. महोत्सवाचे संस्थापक आंदो किविबर्ग पुढे शहराचे महापौर झाले, यावरून तो किती लोकांना आपला वाटत असेल याची कल्पना यावी. महोत्सव नसता तर एखाद्या ओसाड कोठारासाठी पैसा कोणी दिला असता?

दुसरे उदाहरण जर्मनीतील रूडोलश्टाट. वस्ती पंचवीस हजारांच्या आसपास. पूर्व जर्मनीच्या काळात, १९५५पासून, तेथे नृत्यमहोत्सव होत असे. देश एक झाल्यावर तो सहज बंद पडला असता. १९९१मध्ये तो जागतिक लोकसंगीताचा महोत्सव म्हणून नव्याने उभा राहिला. त्यांची एक प्रथा मला विशेष आवडते: एखादे वाद्य निवडायचे, त्याला ‘जादूचे वाद्य’ म्हणायचे आणि ते वाजवणारे वेगवेगळ्या देशांतले वादक एकत्र आणून त्यांच्याकडून मिळून काही नवे बसवून घ्यायचे. हे मागच्या खोलीत घडू शकत नाही. मागच्या खोलीला खोल स्मरणशक्ती असते, पण खिडक्या कमी असतात.

उत्तररात्र

चारओळी, शेवटचे वाक्य मान्य. त्यात थोडी भर घालतो, कारण वर्तुळाचे आपण फारच गोडवे गातो आहोत. मी स्वतः एका शहरात नवा असताना गिटार घेऊन अशा एका मंडळात गेलो होतो. जागा मिळाली, पण पुढचा तासभर कोणी माझ्याशी बोलले नाही. मग एका गृहस्थांनी शांतपणे सांगितले की येथे आधीच एक गिटार आहे. कारण मला नंतर समजले. दोन गिटारवादक एकाच धुनेखाली वेगवेगळे स्वरमेळ धरू लागले की धून दुभंगते, म्हणून साथीचे वाद्य एकच असावे असा संकेत असतो. तालवाद्याचेही तसेच: एक बाउरान लय धरतो, तीन बाउरान धून गाडून टाकतात. संकेत योग्यच होता. माझे म्हणणे एवढेच की तो दाराशी आधी सांगता आला असता. मी परत गेलो नाही.

मंद्रसप्तक

उत्तररात्र, हा अनुभव वाचून वाईट वाटले. याच्या उलट बाजूची एक रीत मला आयर्लंडमध्ये दिसली. अनोळखी माणूस वाद्याची पेटी घेऊन कोपऱ्यात घुटमळत असेल, तर दोन-तीन धुना झाल्यावर कोणीतरी ज्येष्ठ त्याला विचारतो, “तुमच्याकडे एखादी धून आहे का?” तो जी धून सुरू करेल ती, त्याच्याच चालीने, सगळे उचलतात. त्याने फार अवघड काही काढले तर तो एकटा पडतो आणि सोपी, सर्वांना येणारी धून काढली तर वर्तुळ त्याला आत घेते. परीक्षा म्हणावी तर परीक्षाही आहे, पण प्रश्नपत्रिका नवख्याच्या हातात असते.

आता मागच्या बाकावरील श्रोत्यांना उत्तर. तुमची तक्रार मला रास्त वाटते, आणि तिचे उत्तर माझ्या मते मंचापेक्षा नाचात आणि धृपदात आहे. या धुना मुळात बसून ऐकण्यासाठी रचलेल्याच नाहीत; त्यांचे आठ-आठ मात्राखंडांचे भाग पावलांच्या हिशोबाने आहेत. ज्याला काहीच वाजवता येत नाही त्याला नाचता येते, निदान नाच शिकवणाऱ्याने मोठ्याने पावले सांगितली तर नक्कीच. इंग्लंडमधील फोक क्लबांनी, १९५०-६०च्या दशकांत, याचा गायनापुरता मार्ग काढला होता: मुख्य पाहुण्याच्या आधी श्रोत्यांपैकीच दोन-चार जण उठून एकेक गाणे म्हणत आणि धृपद सगळी खोली म्हणत असे. धृपद म्हणणारा माणूस मागच्या बाकावर असला तरी तो श्रोता उरत नाही.

बाळबोध

मी मुलांना व्हायोलिन शिकवते, त्यामुळे माझे लक्ष त्या टिनच्या बासरीवाल्या मुलावरच अडकून राहिले. असे मूल वर्तुळात शिरेपर्यंत टिकवायचे कसे, याचे सर्वांत चांगले उत्तर मला माहीत आहे ते फिनलंडमधील काउस्टिनेनचे.

काउस्टिनेनची वस्ती चार हजारांच्या आसपास. फिडलवादनाची परंपरा तेथे अडीचशे वर्षांहून जुनी आहे आणि तिचे मूळ लग्नसमारंभांत आहे. १९६८मध्ये तेथे लोकसंगीत महोत्सव सुरू झाला. काउस्टिनेनचे फिडलवादन २०२१मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत गेले. तरी मला महत्त्वाची वाटते ती माउनो यार्वेला यांनी १९८०च्या दशकात सुरू केलेली नप्पारी ही शिकवण्याची पद्धत. तिचे तत्त्व असे की पहिल्या आठवड्यातले मूल आणि दहा वर्षे वाजवणारा मुलगा यांनी एकाच वेळी, एकाच खोलीत, एकच धून वाजवायची. धुनेची मांडणीच अशी करतात की कोणी मुख्य चाल वाजवेल, कोणी दुसरा आवाज धरेल, आणि नवशिक्याला मोकळ्या तारांवर दोन सूर तालात ओढता आले तरी तो धुनेचा भाग असेल.

आमच्याकडच्या शिकवण्याच्या रीतीत मूल आधी पाच वर्षे एकटे सराव करते आणि मग, टिकलेच तर, त्याला समूहात घेतात. बहुतेक मुले त्या पाच वर्षांतच गळतात. मी मागच्या वर्षापासून महिन्यातून एक तास सर्व वयांची मुले एकत्र बसवते. पहिल्या वेळी कानांवर हात ठेवावेत असा गोंधळ झाला. आठ वर्षांची एक मुलगी फक्त ‘रे’ची मोकळी तार ओढत होती, तीही भलत्या वेळी. चौथ्या महिन्यात तिने मला येऊन सांगितले की मोठ्या ताईचा गज वर जातो तेव्हा आपला खाली जातो, हे चुकते आहे. माझ्या शिकवणीत हे तिला कळायला दोन वर्षे लागली असती.

चारओळी यांच्यासाठी: काउस्टिनेनमध्ये महोत्सव आणि शिकवणी एकमेकांना पोसतात हे खरे. पण मुले हिवाळ्यात वाजवतात म्हणून उन्हाळ्यात मंच भरतो, हा क्रम विसरू नये.

चारओळी

क्रम मान्य. तरी हिवाळ्यातल्या खोलीचे भाडे कोणी भरायचे, याचे उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही.

ध्वनिवेडा

आणि मुलांच्या ‘रे’च्या तारेला कृपया माइक लावू नये.

कायदेकानू

पैशांचा प्रश्न निघाला आहे म्हणून सिडमथचा दाखला द्यावासा वाटतो. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे हे छोटे शहर. लोकनृत्य आणि लोकगीतांचा सप्ताह तेथे १९५५मध्ये सुरू झाला. पुढे तो मोठा आंतरराष्ट्रीय महोत्सव झाला, मोठे खुले रंगमैदान आले, आणि खुल्या मैदानाबरोबर पावसाची भीती आली: आठवडाभर पाऊस लागला तर होणारा तोटा कोणी सोसायचा? पन्नासाव्या महोत्सवानंतर, २००४मध्ये, तो चालवणारे व्यावसायिक आयोजक बाजूला झाले. सर्वांना वाटले की आता संपले. २००५मध्ये स्थानिक लोकांनी तो ‘फोक वीक’ म्हणून पुन्हा उभा केला, लहान प्रमाणात, शहरातल्या सभागृहांत, पबमध्ये आणि समुद्राकाठच्या रस्त्यावर. तो अजून चालतो. मैदान गेल्यावरही सप्ताह उरला, कारण मैदानाबाहेरही तो आधीपासून होत होता.

श्रोता_मागचा_बाक

धृपदाची कल्पना पटली. नाचाबद्दल गुडघ्यांना विचारून सांगतो.

मंद्रसप्तक

चारओळी यांच्या भाड्याच्या प्रश्नाला मी उत्तर द्यायला हवे, कारण धागा मीच काढला.

आयर्लंडमधील बऱ्याच पबमध्ये जे सेशन आपोआप जमल्यासारखे दिसते, ते सर्वस्वी आपोआप जमलेले नसते. पबचा मालक दोन किंवा तीन वादकांना दर आठवड्याला ठरावीक मानधन देतो. त्यांचे काम एवढेच की ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, कोणी येवो वा न येवो, येऊन बसायचे आणि सुरू करायचे. बाकीचे सारे हौशी, फुकट येणारे. पाऊस आहे, सामना आहे, घरी पाहुणे आहेत, अशा दिवशीही दोन माणसे नक्की असतील ही खात्री असल्यामुळे तिसरा घराबाहेर पडतो. नोव्हेंबरातल्या त्या सातांपैकी दोघे असेच होते. हे मला निघताना मालकाशी बोलताना कळले, आणि खरे सांगायचे तर क्षणभर माझा विरस झाला. नंतर वाटले, विरस कशासाठी? देवळात पुजाऱ्याला दक्षिणा मिळते म्हणून आरती खोटी ठरत नाही.

म्हणून चारओळी, माझे म्हणणे महोत्सव बंद करा असे नाही. अमेरिकेतील व्हर्जिनियात गॅलॅक्स नावाचे सात हजारांहून कमी वस्तीचे शहर आहे. तेथे १९३५पासून जुन्या पद्धतीच्या फिडलवादकांचा मेळावा भरतो. एका स्थानिक सेवाभावी मंडळाने निधी जमवण्यासाठी तो सुरू केला होता. मंचावर स्पर्धा चालू असते आणि मागे तंबूंच्या आणि गाड्यांच्या गर्दीत शेकडो लोक चार-पाचांची टोळकी करून वाजवत असतात. अनेक जण तर मंचाकडे फिरकतही नाहीत. असा महोत्सव हवा, ज्यात मंच ही जमण्याची सबब असते. आणि ज्या शहराला मंच आणि वर्तुळ यांपैकी एकाचाच खर्च परवडतो, त्याने मंचाच्या एका रात्रीच्या खर्चात दोन वादकांना वर्षभर दर आठवड्याला बोलवावे. स्पीकर, दिवे, मंडप, पाहुण्यांचा प्रवास आणि मुक्काम यांचा हिशोब कोणी एकदा मांडून पाहावा. ध्वनिवेडा यांना तो तोंडपाठ असेल.

ध्वनिवेडा

तोंडपाठ आहे. एका रात्रीत नाही म्हटले तरी तीन दिवसांच्या खर्चात तुमचे वर्ष निघते, वर पडदेही येतात. माझे त्यात नुकसान आहे हे पुन्हा एकदा नोंदवतो.

चारओळी

दोन ठरावीक माणसांची कल्पना मला पटली. मी ती महोत्सवाच्या पुढच्या बैठकीत मांडणार आहे. एकच शंका. तीच दोन माणसे दर आठवड्याला असतील तर त्यांच्याच आवडीच्या धुना वर्षभर वाजणार. त्याचे काय?

मंद्रसप्तक

वाजतात खऱ्या. यावर मी पाहिलेला उपाय साधा होता: जोडी दर तीन महिन्यांनी बदलायची, पण दोघांना एकाच वेळी बदलायचे नाही. आणि दोघांपैकी एकाने दाराच्या बाजूची खुर्ची घ्यायची, म्हणजे पेटी घेऊन आत येणारा माणूस त्याला आधी दिसतो. उत्तररात्र यांनी ज्या रात्री पाठ फिरवली, त्या रात्री त्या खुर्चीवर कोण बसले होते, हे मला विचारायचे होते.

उत्तररात्र

कोणी नाही. तिच्यावर कोट ठेवलेले होते.